छातीत कळ आली, आता पहिला ईसीजी कुठे?

रात्री जेवणं झाल्यावर छाती भरून आली, अंगाला दरदरून घाम सुटला, की आपल्याकडे घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : गॅस झाला असंल. मग ओवा, सोडा, गरम पाणी, पाठ चोळणं. तासाभरानं उतार पडला नाही तर गावातल्या डॉक्टरांना उठवायचं. ते पित्ताची एक आणि दुखण्याची एक सुई देतात, थोडं बरं वाटतं, सकाळी बघू म्हणून सगळे आडवे होतात. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात काय, हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात काय, ही रात्र ओळखीची आहे. हृदयविकाराच्या झटक्याबद्दल वैद्यकानं गेल्या पन्नास वर्षांत जे शिकून घेतलं, त्याचा मोठा भाग या एका रात्रीत वाया जातो. म्हणून हा आढावा मुंबई-पुण्याच्या कॅथलॅबपासून सुरू न करता साखऱ्यापासून सुरू करावासा वाटतो.

अटॅक हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्या, तेलातुपाचं खाणाऱ्या माणसाचा आजार, असा आपला पक्का समज आहे. शेतात राबणाऱ्याला कसला अटॅक! हा समज तपासून पाहणारा एक मोठा अभ्यास झालेला आहे. ‘प्युअर’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासात 17 देशांतल्या 628 वस्त्या आणि दीड लाखाहून अधिक माणसं होती, भारतातली खेडीही होती. 2014 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. धोक्याची कारणं शहरी लोकांत जास्त निघाली, यात नवल नव्हतं. पण अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना मात्र शहरात वर्षाला दर हजार माणसांमागे 4.83, तर खेड्यात 6.25 इतक्या होत्या. अशी घटना घडल्यावर दगावणाऱ्यांचं प्रमाण शहरात 13.52 टक्के, खेड्यात 17.25 टक्के.

शरीरात धोका कमी असलेला माणूस जास्त मरतो, याचं कारण त्याच्या शरीरात शोधून फारसं हाती लागणार नाही. ते शोधावं लागतं कधीच न मोजलेल्या बीपीत, मध्येच सोडलेल्या गोळीत, उशिरा निघालेल्या जीपमध्ये, आणि ज्या दवाखान्यात ती जीप थांबली तिथे ईसीजी निघाला की नाही, यात. साखऱ्यासारख्या गावात हृदयाची राखण करायची तर लढाई या चार ठिकाणी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी झटका म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. हृदय हा स्नायू आहे, दिवसातून सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावणारा. त्याच्या आत रक्त भरलेलं असलं तरी त्याला स्वतःला लागणारं रक्त बाहेरून, त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या धमन्यांतून मिळतं. मुख्य धमन्या तीन. तरुणपणापासूनच या धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचू लागतात. रक्तदाब, साखर आणि तंबाखू त्या भिंतीला सतत इजा करत राहतात. आपल्याला वाटतं, धमनी हळूहळू बुजत जाते आणि शंभर टक्के बुजली की झटका येतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. भिंतीतला एखादा चरबीचा थर, पुष्कळदा धमनी निम्मीसुद्धा न अडवणारा, पातळ साल फाटून गळू फुटावं तसा फुटतो. आतला माल रक्ताच्या संपर्कात आला की शरीर जखम समजून तिथे रक्ताची गुठळी करतं आणि काही मिनिटांत ती गुठळी धमनी बंद करून टाकते. त्या धमनीवर पोसलेला स्नायू वीस-तीस मिनिटांत मरायला लागतो. आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे हे मरण सरकत जातं, आणि सहा ते बारा तासांत बहुतेक सगळा भाग संपतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही.

या यंत्रणेतून दोन गोष्टी निघतात, आणि गावात त्या दोन्ही कुणी नीट सांगत नाही. एक : मागच्या महिन्यात ईसीजी नॉर्मल होता, याचा आजच्या कळेशी काहीही संबंध नाही. कारण थर फुटला तो आज. दोन : गुठळी ताजी असताना ती विरघळवता येते. जितका वेळ जाईल तितकी ती घट्ट होत जाते आणि तितका स्नायू कमी वाचतो.

वेळेचा हिशोब कुणी मांडून ठेवला आहे का? ठेवला आहे, आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या सगळ्या मोठ्या चाचण्या एकत्र करून 1996 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालं तर दर हजार रुग्णांमागे 65 जीव जास्त वाचतात. दुसऱ्या तासात 37. तिसऱ्या तासात 26. ओवा आणि सोड्यात गेलेला पहिला तास असा मोजला जातो.

आपल्या देशात हा वेळ किती जातो? 2008 मध्ये ‘क्रिएट’ या नोंदवहीचे आकडे आले. देशभरातली 89 रुग्णालयं, 20,468 रुग्ण. त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोहोचायला निम्म्या रुग्णांना सहा तासांहून जास्त लागले होते, आणि दवाखान्यात आल्यावर गुठळी विरघळवणारं औषध सुरू व्हायला साधारण आणखी पन्नास मिनिटं. याच अभ्यासातली आणखी एक नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तीस दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण श्रीमंतांत 5.5 टक्के आणि गरिबांत 8.2 टक्के होतं. पण मिळालेल्या उपचारांतला फरक हिशोबात धरला, की हे अंतर नाहीसं झालं. म्हणजे तेच उपचार मिळाले असते तर गरीब माणूसही तितकाच वाचला असता.

आता साखऱ्यातून रस्ता धरू. गावाला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुढे सेनगावचं ग्रामीण रुग्णालय, त्यापुढे हिंगोलीचं जिल्हा सामान्य रुग्णालय. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला 2024 उजाडावं लागलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात हिंगोलीचं नाव होतं. तिथली हृदयरोगाची सोय उभी राहायला काळ जाईल. तोवर अँजिओप्लास्टी म्हटलं की नातेवाइकांच्या तोंडी नांदेड, अकोला नाहीतर छत्रपती संभाजीनगर हीच नावं येतात. हिंगोलीहून नुसतं नांदेड धरलं तरी रस्त्यानं नव्वदेक किलोमीटर. त्यात गावापासून हिंगोलीपर्यंतचा पल्ला मिळवा, गाडी मिळवण्यात गेलेला वेळ मिळवा, पैशांची जुळवाजुळव मिळवा, रात्री डॉक्टर येऊन कॅथलॅब सुरू होईपर्यंतचा वेळ मिळवा.

अँजिओप्लास्टी म्हणजे कॅथलॅबमध्ये मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून बंद धमनी फुग्यानं उघडणं आणि तिथे स्टेंट बसवणं. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी 1977 मध्ये झुरिकला ती पहिल्यांदा केली. झटक्याच्या वेळी तातडीनं केली तर तिच्यासारखा उपाय नाही, यात शंका नाही. पण ‘तातडीनं’ या शब्दाला वैद्यकात ठरलेला अर्थ आहे. ईसीजीवर झटका दिसल्यापासून दोन तासांच्या आत धमनी उघडता येत असेल, तरच थेट अँजिओप्लास्टीकडे न्यायचं. तसं जमणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, जिथे रुग्ण आहे तिथेच, आणि मग पुढे रवानगी. साखऱ्याहून निघालेल्या रुग्णाला दोन तासांचा हा हिशोब फार क्वचित जमेल.

इथेच आपली सर्वांत महागडी चूक होते. घरात कळतं की हे हार्टचं आहे, आणि मग ‘मोठ्या दवाखान्यात’ न्यायचं ठरतं. जीप प्राथमिक आरोग्य केंद्रावरून पुढे जाते, ग्रामीण रुग्णालयावरून पुढे जाते, जिल्हा रुग्णालयावरूनही पुढे जाते. तीन-चार तासांनी रुग्ण मोठ्या शहरात पोहोचतो तेव्हा वाचवण्यासारखा स्नायू थोडाच उरलेला असतो. नातेवाइकांनी प्रेमापोटी आणि कर्ज काढून केलेली ही धावपळ असते, म्हणून ती पाहताना जास्त वाईट वाटतं.

सांगायचं ते सोपं आहे : जिथे पहिला ईसीजी निघतो तिथे थांबा. दहा चिकट्या, बारा रेघा, गुलाबी चौकटींचा कागद, पाच मिनिटांचं काम. धमनी पूर्ण बंद झाली असेल तर ठोक्याच्या टोकदार रेघेनंतरचा जो तुकडा एरवी सपाट चालतो, तो ठरावीक ओळींमध्ये वर उचललेला दिसतो. शिकलेल्या डोळ्याला ते लांबूनही ओळखू येतं. पहिला ईसीजी कधी कधी साफ येतो, म्हणून त्रास चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढायचा असतो. ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी तीन-चार तास गेल्यावरच भरवशाची होते, तेव्हा तिच्या निकालासाठी अडून बसायचं नसतं.

ईसीजीत झटका दिसला की पुढचं पाऊल इंजेक्शनचं. पूर्वी स्ट्रेप्टोकायनेज तासभर सलाईनमधून द्यावं लागायचं. आता टेनेक्टेप्लेज आहे. रुग्णाच्या वजनावर मात्रा ठरवायची आणि शिरेतून पाच-दहा सेकंदांत एकदाच द्यायची. ग्रामीण रुग्णालयातसुद्धा हे होऊ शकतं. असं इंजेक्शन घेऊन मग शांतपणे मोठ्या दवाखान्यात जाणं आणि थेट अँजिओप्लास्टी करून घेणं, यांत 2013 मध्ये तुलना झाली. ‘स्ट्रीम’ नावाच्या त्या चाचणीत जवळपास 1,900 रुग्ण होते, सगळे लवकर आलेले पण तासाभरात अँजिओप्लास्टी मिळू न शकणारे. मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात 12.4 टक्के, अँजिओप्लास्टीच्या गटात 14.3 टक्के. म्हणजे वाट दूरची असेल तर आधी सुई दिल्यानं एकूण हिशोबात काही गमावलं जात नाही. तामिळनाडूनं हीच पद्धत सरकारी आणि खासगी दवाखान्यांची साखळी बांधून राबवली, आणि वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आणलं. लहान दवाखाना ईसीजी काढून सुई देतो, मोठा दवाखाना दुसऱ्या दिवशी धमनी पाहतो, इतकीच ती साखळी. महाराष्ट्रानंही 2021 मध्ये ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्प काही जिल्ह्यांत सुरू केला; स्टेमी म्हणजे धमनी पूर्ण बंद झालेला झटका. लहान दवाखान्यात काढलेला ईसीजी इंटरनेटवरून तज्ज्ञाकडे जातो आणि काही मिनिटांत वाचून परत येतो. फिजिशियन नसलेल्या तालुक्याला याहून उपयोगी गोष्ट कुठली?

या सुईत धोका आहे, तोही सांगायला हवा. शंभरातल्या सुमारे एकाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला, नुकताच पक्षाघात किंवा मोठं ऑपरेशन झालेला, अंगातून कुठून रक्त जात असलेला रुग्ण असेल तर ती देत नाहीत. वय जास्त असेल तर मात्रा निम्मी करतात. तालुक्याच्या ठिकाणी एकट्या ड्यूटीवर असलेला तरुण डॉक्टर ही सुई द्यायला का कचरतो, हे मी समजू शकतो. रुग्ण दगावला तर बाहेर जमलेली माणसं काय करतील, हा विचार त्याच्या मनात असतो. तेव्हा नातेवाइकांनी त्याला दोनच गोष्टी शांतपणे विचाराव्यात : ईसीजीत अटॅक दिसतो का, आणि गुठळी विरघळवणारी सुई इथे देता येईल का. या दोन प्रश्नांनी डॉक्टरलाही बळ येतं.

सुईच्याही आधी घरात करण्यासारखं एक काम आहे. 1988 च्या ‘आयसिस-2’ चाचणीत 17,187 रुग्ण होते. नुसत्या ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतले मृत्यू 23 टक्क्यांनी घटले, स्ट्रेप्टोकायनेजनं 25 टक्क्यांनी आणि दोन्ही मिळून 42 टक्क्यांनी. ॲस्पिरिन ही काही रुपयांची गोळी आहे. झटक्याची दाट शंका असेल, रक्ताची उलटी-काळी शी होणारा अल्सर नसेल, ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, तर 300 मिलिग्रॅमच्या आसपास चावून खायला द्यायची. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र कुणी सांगितली म्हणून देऊ नये. तिनं बीपी एकदम उतरतं, आणि आधीच बीपी पडलेल्या माणसाला ते झेपत नाही. रुग्णाला चालवायचं नाही, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचं नाही. 108 ला फोन करायचा. ही सेवा राज्यात 2014 पासून आहे. ती यायला उशीर लागणार असेल तर मिळेल ती गाडी काढायची, पण 108 ला कळवून, वाटेत गाठ पडेल अशी.

कळ कशी असते याबद्दलही थोडं सांगतो. छातीच्या मधोमध आवळल्यासारखं, दगड ठेवल्यासारखं, जळजळल्यासारखं; तिथून डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, पाठीत किंवा बेंबीच्या वर जाणारं; सोबत गार घाम, मळमळ, घाबरं होणं. बोटानं एका जागी दाखवता येतं ते सहसा हृदयाचं नसतं. पंजा छातीवर ठेवून सांगितलं जातं त्याची भीती बाळगावी. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये कळच नसेल, नुसता दम आणि थकवा असेल, असंही होतं. त्यातून बाई असली की घरात तिच्या तक्रारीला उशिरा ऐकलं जातं. धुणं, सैपाक, खुरपण उरकून ती शेवटी सांगते, आणि तिला सांगितलं जातं की दगदग झाली असंल.

झटका आणि हृदय बंद पडणं यांत लोक गल्लत करतात. झटक्यात धमनी बंद होते, हृदय चालू असतं, माणूस बोलतो. त्याच झटक्यात हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरायला लागलं तर माणूस क्षणात कोसळतो, नाडी नाही, श्वास नाही. तेव्हा मदत पोहोचेपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच तरी खाली जाईल असं दाबत राहायचं. 14 डिसेंबर 2023 रोजी अभिनेते श्रेयस तळपदे यांच्याबाबतीत हेच झालं. चित्रीकरण संपवून घरी आल्यावर त्यांना त्रास सुरू झाला, पत्नीनं गाडीत घालून दवाखान्याकडे नेलं, पोहोचता पोहोचता त्यांचं हृदय थांबलं. शॉक देऊन ते पुन्हा सुरू झालं आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. 47 वर्षांचा माणूस परत कामाला लागला. आणि 22 मे 2003 रोजी, हजारो हृदयं दुरुस्त करणारे शल्यचिकित्सक डॉ. नीतू मांडके मुंबईतच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. ज्ञान, पैसा, ओळख सगळं असूनही. वेळ कुणाची वाट बघत नाही, आणि शहरात असणंसुद्धा पूर्ण कवच नव्हे.

तरुण मुलं लग्नात नाचताना, जिममध्ये, गरब्यात कोसळल्याचे व्हिडिओ फोनवर फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं की लस घेतल्यामुळे. यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशातल्या 47 रुग्णालयांतून अभ्यास केला, तो 2023 मध्ये आला. 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंमागे कोविडची लस आढळली नाही. दोन डोस घेतलेल्यांत उलट धोका कमी होता. कोविडनं दवाखान्यात दाखल व्हावं लागलेलं असणं, घरात असा मृत्यू झालेला असणं, मरणाआधीच्या दोन दिवसांत भरपूर दारू पिणं किंवा झेपण्यापलीकडची कसरत करणं, ही कारणं पुढे आली. लशीकडे बोट दाखवत राहिलो की तोंडातल्या तंबाखूकडे लक्ष जात नाही, ही खरी हानी.

तंबाखूवर जरा जास्त थांबायला हवं, कारण मराठवाड्यात तिच्याइतकं घरोघरी दुसरं कारण नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे एकूण प्रौढांच्या अवघे 3.8 टक्के. बाकी सगळे खाणारे, मळणारे, मिसरी लावणारे. बांधावर बसलं की चुन्याची डबी निघते, एकानं मळायची आणि चौघांत वाटायची. बायकांची मिसरी सकाळी चुलीपाशी. विडी-सिगारेट नाही म्हणजे आपण सुटलो, असा समज पक्का आहे. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात नुसती तंबाखू खाणाऱ्यांत झटक्याची शक्यता 2.23 पट आणि विडी ओढणाऱ्यांत 2.89 पट आढळली. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. ती पाळली किती जाते हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. सोडल्यावर धोका उतरायला लागतो, हे मात्र पक्कं आहे, आणि पन्नाशीतही उशीर झालेला नसतो.

त्याच इंटरहार्टनं सांगितलं की जगभरातल्या पहिल्या झटक्याचा नव्वद टक्के धोका नऊ साध्या गोष्टींत बसतो : तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायामाचा अभाव, दारू. दक्षिण आशियातल्या माणसाला मात्र पहिला झटका लवकर येतो, सरासरी 53 व्या वर्षी. बाकीच्या जगात 58.8 व्या. कर्तं माणूस, शिकणारी मुलं, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, अशा वयात. भारतातल्या एकूण मृत्यूंत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा 1990 मध्ये 15.2 टक्के होता, 2016 मध्ये 28.1 टक्के झाला.

रक्तदाब हा यातला सगळ्यात गप्प बसणारा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि 11.4 टक्क्यांना मधुमेह आढळला. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून बीपी नाही असं होत नाही. ते मोजल्याशिवाय कळत नाही. मोजताना पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, बाही वर करून, बोलणं बंद ठेवून मोजायचं; 140 किंवा 90 च्या वर दोन वेगवेगळ्या दिवशी आलं तर उपचार. 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, ठरलेला क्रम, प्रत्येकाचं कार्ड, आणि महिन्याची गोळी घराजवळच्या उपकेंद्रात. यात भारी तंत्रज्ञान काहीच नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-साखर तपासतात. ग्रामसभेत रस्ता आणि विहिरीबरोबर एक प्रश्न विचारता येईल : आपल्या केंद्रात बीपीच्या गोळ्यांचा साठा या महिन्यात किती दिवस संपलेला होता?

गोळी सुटते ती सुगीत. सोयाबीन काढणीला आलं, हळद शिजवायची आहे, मजूर मिळेना; मग सुगी आटोपू दे, नंतर दाखवू. बीपी उतरलेलं दिसतं म्हणून गोळी बंद, हेही घरोघरी. ते उतरलेलं असतं गोळीमुळेच. गुडघे-कंबर दुखते म्हणून दर आठवड्याला घेतली जाणारी डायक्लोफेनॅकची सुई बीपी वाढवते आणि हृदयालाही घातक ठरते, हे ती देणाऱ्यानं सांगायला हवं आणि घेणाऱ्यानं विचारायला हवं.

आहारावर थोडक्यात. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी या आपल्या ताटाला नावं ठेवण्यासारखं फार नाही. खराबी मिठात आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात आहे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे. ठेचा, लोणचं, पापड मिळून ते दुपारीच संपतं. वनस्पती तुपातल्या घातक ट्रान्स फॅटवर 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, पण स्टँडवरच्या कढईत चार दिवस उकळणाऱ्या तेलावर कुणाची मर्यादा नाही. शेतीचे कष्ट म्हणजे व्यायाम, हेही आता अर्धंच खरं आहे. नांगरटी-पेरणी ट्रॅक्टरनं, शेतात जाणं मोटारसायकलनं. हंगामात महिनाभर मरमर आणि मग दोन महिने पारावर बसणं.

लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा ब्लॉकेज उघडतो, पिंपळाच्या पानांचा काढा बायपास टाळतो, झटका आला की जोरजोरात खोकत राहा, असे निरोप मराठीतून रोज येतात. धमनीच्या भिंतीत मुरलेला थर काढ्यानं विरघळत नाही, आणि खोकत बसण्यात पहिला तास जातो. आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान मलाही आहे, पण हळद खाल्ली म्हणून बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी सोडावी याला कसलाही आधार नाही. चाळिशीतच झटका येऊन गेलेले डॉ. अभय बंग यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं, आणि मराठी घरांत आहार, चालणं, ध्यान यांवर पहिल्यांदा मोकळं बोलणं सुरू झालं. ते फार मोठं काम आहे. फक्त ते पुस्तक घरात आहे म्हणून गोळ्या बंद करणारी माणसंही मी पाहिली आहेत, आणि ती त्या पुस्तकाची शिकवण नव्हे.

पैशाचं सांगायचं तर परिस्थिती पूर्वीइतकी वाईट राहिलेली नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्रानं औषधी स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांच्या आसपास आणली. त्याआधी एकेक स्टेंट लाखाच्या वर जायचा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि अँजिओप्लास्टी, बायपास त्यात येतात. दवाखाना योजनेत आहे का, हे दाखल होतानाच विचारायचं. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घरात एका जागी ठेवलेलं असावं. तातडीच्या वेळी कागद नंतर आणता येतात, रुग्ण आधी न्यायचा.

स्टेंट बसला म्हणजे आजार गेला, हा शेवटचा गैरसमज, आणि त्यानं पुष्कळ माणसं दुसऱ्या झटक्यात जातात. स्टेंटनं एक जागा उघडली. बाकीच्या धमन्यांत थर आहेतच. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची रक्त न गोठू देणारी गोळी, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, बीपीची गोळी, गरज असेल तर हृदयाचा ठोका सांभाळणारी गोळी, एवढं महिन्यामागून महिना चालू राहावं लागतं. जोडीची गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. प्युअरच्याच 2011 च्या पाहणीत गरीब देशांतल्या हृदयरोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांपैकी 80 टक्के यांतली एकही गोळी घेत नव्हते. डिस्चार्जच्या फायलीतली यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून त्यांतल्या मिळतील तेवढ्या गोळ्या तिथूनच मोफत घ्याव्यात, उरलेल्या जेनेरिक दुकानातून. आणि घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये त्या फायलीचा आणि शेवटच्या ईसीजीचा फोटो असू द्यावा. पुढच्या वेळी छातीत कळ आली तर सेनगावच्या रात्रपाळीच्या डॉक्टरला जुनी रेघ आणि नवी रेघ शेजारी ठेवून पाहता येते, आणि सुई द्यायची की नाही हे त्याला लवकर ठरवता येतं.